लिंबू, बैल आणि जुनी गाडी



हस्त बहाराचं लिंबू संपत आलंय. ऊन असं तापतंय की तोडणी सकाळी दहाच्या आत उरकावी लागते. त्यापुढं बाया थांबत नाहीत आणि थांबवूही नये. दुपार मोकळी असते, म्हणून आज शेतातली नोंद कमी आणि दुसरंच जास्त लिहितोय. परवा आपली पिकअप विकली. २०१४ ला नवी घेतली होती. अकरा वर्षं तिनं लिंबू वाहिलं, कांदा वाहिला, खत-पेंड आणली, दोन लग्नांची वऱ्हाडं नेली. चिंचेखालची जागा आता रिकामी दिसते.

ती विकताना घरात चार दिवस वाद झाला. वाद कशावरून ते शेवटी सांगतो. त्याआधी जुन्या गाड्यांच्या धंद्याचा थोडा इतिहास सांगावा लागंल, नाहीतर वाद कळणार नाही. धाकटी लेक पुण्यात अर्थशास्त्र शिकते. तिनं काही सांगितलं, काही मी शोधून वाचलं, आणि काही स्वतःच्या खिशाला चाट लावून शिकलोय. लांबलंय जरा, पण दुपार आहे.

सुरुवात बैलापासून करतो.

आमचे आण्णा, म्हणजे वडील, बैलाचे दर्दी माणूस. काष्टीच्या शनिवारच्या बाजारात त्यांच्याबरोबर मी लहानपणापासून जायचो. बैल आवडला की आण्णा आधी त्याच्या तोंडात हात घालायचे. आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. मालक काहीही सांगो, वय दातात कळायचं. मग खूर बघायचे, वशिंडावर हात फिरवायचे, डोळ्यापुढं बोटं हलवून नजर बघायचे. मग चालवून बघायचं, मग जुंपून. विकणाराही काय साधा नसायचा. शिंगं तासून रंगवायची, आठ दिवस चांगला खुराक देऊन अंग भरून आणायचं, हे सगळं चालायचं. सौदा रुमालाखाली बोटं धरून. आजूबाजूच्याला भाव कळायचा नाही.

पण सौद्यात एक माणूस मध्ये असायचा, दोघांच्या ओळखीचा. बैल घरी नेल्यावर बसका निघाला, मारका निघाला, तर त्या माणसाच्या दारात जाऊन बसता यायचं. म्हणजे घेणाऱ्याला दोन आधार होते. एक स्वतःचा डोळा आणि दुसरं, डोळा चुकला तर जाऊन ठोठवायला एक दार. हे दोन शब्द ध्यानात ठेवा, डोळा आणि दार. पुढचा सगळा इतिहास त्यावरच आहे.

१९९८ साली मला वडापचा नाद लागला. गाव ते तालुका जीप चालवायची, दिवसाला रोख पैसा. नवी जीप झेपणारी नव्हती. शहरातल्या एका एजंटाकडं जुनी बघितली. रंग चकाचक, सीटकव्हर नवं, मीटरवर ४६ हजार किलोमीटर. आण्णा बरोबर होते. त्यांनी बोनेटवर हात ठेवला, जसा वशिंडावर ठेवायचे तसा. चारी बाजूंनी फिरले. मग माझ्याकडं बघून हळूच म्हणले, "आरं, हिला दात कुठं असत्यात?"

मी हसलो. पावणेदोन लाखाला घेतली. बैलजोड विकली होती, बाकीचं उसनं-पासनं.

चौथ्या महिन्यात इंजिन बसलं. फिटरनं खोलताना एअर फिल्टरच्या डब्याच्या आतल्या अंगाला चिकटवलेली एक चिठ्ठी सापडली. कुठल्यातरी गॅरेजची, ऑइल बदलल्याची. त्यावर किलोमीटर ८८ हजार आणि तारीख दोन वर्षांपूर्वीची. मीटर मागं फिरवलेलं होतं. एजंटाकडं गेलो तर तो म्हणला, मी फक्त मध्ये होतो. कागद बघितले तर आरसी बुकावर भलत्याच जिल्ह्यातल्या माणसाचं नाव आणि माझ्या हातात नुसते सह्या केलेले कोरे टीटी फॉर्म. डोळा चालला नाही आणि ठोठवायला दारही नव्हतं. आण्णा त्यावर एक शब्द बोलले नाहीत, पण पुढच्या सुगीला नांगरट भाड्यानं करून घ्यावी लागली ती माझ्यामुळं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

मला वाटायचं, आपण दहावी शिकलेले, म्हणून फसलो. पुढं कळलं की दिल्लीचं सरकारसुद्धा जुन्या जीपमध्येच अडकलं होतं.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकन विलीज जीप आपल्या लोकांनी बघितली होती. चिखलात चालणारी, चढाला न थकणारी. १९४७ ला महिंद्रांनी मुंबईत माझगावला तिचे सुटे भाग आणून जोडायला सुरुवात केली. आज गावोगाव दिसणाऱ्या जीपचं मूळ तिथं आहे. पण १९४८ ला काश्मीरची लढाई चालू असताना लष्कराला जीप ताबडतोब पाहिजे होत्या. तेव्हा व्ही. के. कृष्ण मेनन लंडनमध्ये भारताचे उच्चायुक्त होते. त्यांनी तिथल्या तिथं एका परदेशी कंपनीशी सुमारे ८० लाख रुपयांचा करार केला. नव्या गाड्यांचा नव्हे, तर वापरलेल्या, दुरुस्त करून दिलेल्या जीपचा. दोन हजार यायच्या होत्या. बरीचशी रक्कम माल हातात यायच्या आधीच गेली. आल्या फक्त १५५, आणि त्याही लष्करानं बघून म्हणलं, चालणार नाहीत.

संसदेत बराच गदारोळ झाला. स्वतंत्र भारतातला पहिला मोठा घोटाळा म्हणून याचंच नाव घेतात. १९५५ ला सरकारनं प्रकरण बंद झाल्याचं जाहीर केलं आणि १९५६ ला मेनन केंद्रात मंत्री झाले. कुणी खाल्लं, कुणी नाही, त्या वादात मी पडत नाही. मला त्यात दिसतं ते एवढंच : गाडी समुद्रापलीकडं, पैसा आधी, आणि गाडीला दात नाहीत. माझ्या जीपसारखंच, फक्त आकडा मोठा.

त्यानंतरची तीसेक वर्षं आपल्या देशात जुन्या गाडीचा बाजार उलटाच चालला. नवी गाडी पैसे देऊनही मिळत नव्हती. मोटार म्हणजे अँब्युसिडर, फियाट नाहीतर स्टँडर्ड. किती बनवायच्या यावर लायसन, किमतीवर सरकारचं नियंत्रण. नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. बजाजच्या स्कूटरला तर दहा-दहा वर्षं थांबलेली माणसं आपल्या ओळखीत असतील. मग व्हायचं असं की वापरलेली गाडी नव्या गाडीच्या सरकारी भावापेक्षा महाग जायची, कारण ती आज मिळायची. स्कूटरचा नंबर लागला की काहीजण ती तशीच वरचे पैसे घेऊन विकायचे. अशा बाजारात घेणारा खोड काढत बसत नाही. दुष्काळात कडबा घेताना कुणी पेंढी सोडून बघतं का? मिळाला तो घ्यायचा.

१४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत पहिल्या मारुती ८०० ची किल्ली इंदिरा गांधींनी हरपाल सिंग नावाच्या गृहस्थांना दिली. (त्या माणसानं ती गाडी कधी विकली नाही. २०१० ला ते वारले तोपर्यंत त्यांच्याकडंच होती.) १९९३ ला मोटार बनवायचं लायसनच गेलं. नव्या गाड्या वाढल्या, तशा दहा-बारा वर्षांत जुन्याही वाढल्या. आणि तिथून पुढं माझ्यासारख्यांची पाळी आली. गाड्या भरपूर, तपासायचं साधन काही नाही, आणि मध्ये एजंट. २००१ ला मारुतीनं ट्रू व्हॅल्यू नावानं स्वतः जुन्या गाड्या तपासून विकायला सुरुवात केली. मोठ्या कंपनीनं जुन्या गाडीच्या मागं आपलं नाव लावलं, म्हणजे दार आलं. पण ते शहरात. आपल्याकडं एजंटच राहिला.

आता अमेरिकेकडं जाऊ, कारण जुन्या गाडीचा हा रोग तिथं आपल्या आधी पन्नास वर्षं पोचला होता, आणि त्यावरची औषधंही तिथंच आधी निघाली.

१९२० च्या सुमारास तिथं मोटारी एवढ्या झाल्या की नवी घ्यायला येणारा माणूस जुनी बदल्यात द्यायचा. दुकानदाराच्या आवारात जुन्या गाड्यांची रांग लागली. भाव काय लावायचा कुणाला कळंना. लॉस एंजेलिसचा लेस केली नावाचा गाड्यांचा व्यापारी होता. तो आपण कुठली गाडी केवढ्याला घेऊ याची यादी करून इतर व्यापाऱ्यांना पाठवायचा. १९२६ ला त्यानं त्याचं पुस्तकच काढलं, निळं पुस्तक म्हणून ते प्रसिद्ध झालं. म्हणजे रुमालाखालची बोटं त्यानं उघडी केली. बाजारसमितीचा भाव आज आपण मोबाइलवर बघतो, तसंच ते.

पण भाव कळला तरी गाडीच्या पोटात काय आहे ते कळत नाही. यावर १९७० ला जॉर्ज अकरलॉफ नावाच्या प्राध्यापकानं एक निबंध छापला. त्याच्या नावातच लिंबू आहे. लेकीनं सांगितलं तेव्हा मला हसू आवरंना. आपल्या श्रीगोंद्यात लिंबू म्हणजे घरात येणारा पैसा. अमेरिकेत खराब निघालेल्या गाडीला लिंबू म्हणतात.

त्यांचं म्हणणं मी माझ्या आकड्यांत सांगतो. समजा बाजारात दहा जुन्या पिकअप आहेत. पाच चांगल्या, त्यांची खरी किंमत चार लाख. पाच खराब, खरी किंमत दोन लाख. विकणाऱ्याला आपली कुठली ते माहीत आहे, घेणाऱ्याला नाही. मग घेणारा काय करंल? मधला भाव लावंल, तीन लाख. चांगल्या गाडीवाला म्हणंल, चार लाखाची तीनला कशाला देऊ, आणि गाडी घरी घेऊन जाईल. खराबवाला आनंदानं थांबंल. आता बाजारात राहिल्या खराबच. घेणाऱ्यालाही ते कळतं, तो भाव आणखी पाडतो. शेवटी चांगली गाडी बाजारात येतच नाही. लबाड माणूस एका गिऱ्हाइकाचं नुकसान करतो हे तर आहेच, पण तो प्रामाणिक माणसाला बाजारातून उठवतो, हे त्याहून मोठं नुकसान.

हा निबंध त्यांनी १९६७ ला पहिल्यांदा पाठवला. तीन मासिकांनी परत केला. त्यातल्या दोघांचं म्हणणं होतं की विषय फारच किरकोळ आहे. चौथ्यानं छापला, आणि २००१ ला त्यांना नोबेल मिळालं. मला जास्त गंमत याची वाटली की १९६७-६८ चं वर्ष ते दिल्लीत राहिले होते आणि निबंधात आपल्याकडचे दाखले आहेत. बाजारातल्या तांदळात त्याच रंगाचे, त्याच आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात आणि घरच्या बाईला ते निवडत बसावं लागतं, हे त्यात आहे. आपला सावकारही आहे. सावकार जादा व्याज का लावू शकतो? कारण गावातला कोण फेडंल, कोण बुडवंल हे त्याला ठाऊक असतं. बाहेरचा कुणी कमी व्याजानं द्यायला आला तर त्याच्या गळ्यात बुडवणारेच जास्त पडतात. सोसायटीच्या कर्जाला सात-बारा, आठ-अ आणि दोन जामीनदार का मागतात ते मला त्या दिवशी नीट कळलं. तिथं आपण गाडी असतो आणि बँक आपले दात बघत असते.

अमेरिकेनं मग दारं बांधली. १९७२ ला केंद्राचा कायदा आला की मीटर मागं फिरवणं गुन्हा, आणि विकताना मीटरचा आकडा लेखी द्यायचा. १९८५ पासून जुन्या गाडीच्या दुकानदारांना प्रत्येक गाडीच्या काचेवर एक छापील कागद लावावा लागतो. या गाडीची हमी आहे का, असली तर कशाकशाची, नसली तर 'आहे तशी' असं स्पष्ट लिहायचं. १९८४ ला कारफॅक्स नावाची कंपनी निघाली ती मीटरच्या लबाडीवरच. गाडीच्या नंबरावरून तिचा मागला इतिहास पैसे देऊन मिळू लागला. माझ्या एअर फिल्टरच्या डब्यातली चिठ्ठी त्यांनी गाडी घ्यायच्या आधीच गिऱ्हाइकाच्या हातात दिली.

जपाननं डोळ्याचं काम केलं. तिथं नव्या मोटारीची पहिली सरकारी तपासणी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी. त्याला शाकेन म्हणतात. खर्च बराच येतो, म्हणून माणसं गाडी चांगली असतानाच काढतात. त्या जातात लिलावात. लिलावाआधी तपासणारा माणूस एका कागदावर गाडीचं चित्र काढलेलं असतं त्यावर कुठं ओरखडा, कुठं पोचा, कुठला पत्रा बदललेला, ते खुणेनं लिहितो आणि गाडीला गुण देतो. अपघात होऊन दुरुस्त झालेल्या गाडीचा वर्ग वेगळा. मग जगाच्या दुसऱ्या टोकाचा व्यापारी गाडी न बघता नुसत्या कागदावर बोली लावतो. १९४८ ला लंडनच्या करारात आपल्याकडं नेमका हाच कागद नव्हता.

जपानची गाडी आपल्यासारखीच उजव्या बाजूला स्टिअरिंगची. म्हणून ती जहाजानं जाते केनियाच्या मोंबासाला, टांझानियाला, श्रीलंकेला, पाकिस्तानला, न्यूझीलंडला. न्यूझीलंडनं १९९८ ला गाड्यांवरची जकात काढून टाकली, तिथं गरिबालाही चांगली गाडी मिळू लागली, आणि त्याच वर्षी तिथले गाड्या जोडायचे उरलेसुरले कारखाने बंद पडले. कांद्याची आयात-निर्यात बघितलेल्या माणसाला यात नवल वाटायचं नाही. खाणाऱ्याचं भलं आणि पिकवणाऱ्याचं भलं एकाच वेळी होतंच असं नाही.

आणि सगळीच जहाजं काही चांगला माल नेत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागानं २०२० ला अहवाल काढला. २०१५ ते २०१८ या चार वर्षांत युरोप, जपान आणि अमेरिकेतून १ कोटी ४० लाख जुन्या हलक्या गाड्या बाहेर गेल्या. दहातल्या आठ गरीब आणि मध्यम देशांत, आणि सगळ्यात जास्त आफ्रिकेत. नेदरलँड्सनं आपल्या बंदरातून आफ्रिकेला जाणाऱ्या गाड्या तपासल्या तर बऱ्याच गाड्यांचं फिटनेस संपलेलं होतं. आपल्या रस्त्यावर नको ती दुसऱ्याच्या रस्त्यावर. केनियानं म्हणून नियम केला, आठ वर्षांपेक्षा जुनी गाडी घेणार नाही. घेणाऱ्या देशानं दात बघायला सुरुवात केली.

आपण तर दारच लावून घेतलंय. परदेशातली वापरलेली मोटार आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडं पाहिजे, उतरणार फक्त मुंबई बंदरात, आणि वर जबर जकात. त्यामुळं जपानची जुनी गाडी आपल्या तालुक्यात दिसत नाही. पण देशातल्या देशात तोच खेळ चालतो. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाडीवर २०१५ ला हरित लवादानं बंदी घातली आणि २०१८ ला सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. तिथल्या बऱ्याच गाड्या मग बाहेरच्या राज्यांत निघाल्या. गाडी चांगलीही असते त्यातली, पण ती विकायला का निघाली हे विचारायला पाहिजे.

कायद्याचं दार आपल्याकडंही आहे, पण आपण ते वापरत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम ५० आहे. गाडी विकली की त्याच राज्यात असंल तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत कळवायचं आणि नाव बदलून घ्यायचं. आपण काय करतो? कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतो आणि गाडी दोन-तीन हात फिरते. फेब्रुवारी २०१८ ला सुप्रीम कोर्टानं नवीन कुमार नावाच्या खटल्यात निकाल दिला. गाडी एकाकडून दुसऱ्याकडं, तिसऱ्याकडं विकत गेली होती, नाव मात्र पहिल्याचंच. अपघात झाला. कोर्टानं सांगितलं, ज्याचं नाव सरकारदप्तरी तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याचीच. तुम्ही गाडी पाच वर्षांपूर्वी विकली असंल, पैसे खर्चून झाले असतील, तरी. आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यालाही अधिकृत नोंद करून घ्यायचा नियम आलाय. गाडी त्याच्या ताब्यात गेली की तसं कळवायचं. म्हणजे "मी फक्त मध्ये होतो" हे म्हणायची सोय कमी होणार. गावात ते कधी पोचंल तेव्हा पोचंल.

आता आपल्या पिकअपचं.

२०१९ च्या पावसाळ्यात पुण्याहून गुलटेकडीला माल टाकून येताना चौफुल्याच्या अलीकडं ती खड्ड्यात गेली. मी वाचलो, गाडीची चासी वाकली. मशीनवर सरळ करून घेतली, वेल्डिंग केलं, दोन पट्ट्या मारल्या. नंतर सहा वर्षं चालली. दरवर्षीचं पासिंगही झालं. पण पूर्ण लोड भरला की मागचं डावं टायर आतून जास्त झिजतं. हे मला माहीत, आमच्या फिटरला माहीत. रंगाखाली दिसत नाही.

विकायची ठरली तेव्हा पोरगा म्हणला, "तात्या, कशाला सांगायचं? बघंल ज्याचा तो. तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?" त्याचं काही चूक नव्हतं. सगळा बाजार असाच चालतो, आणि सांगितलं तर तीस-चाळीस हजार सरळ जाणार. तेवढ्यात बागेला एका सालाचं खत येतं. आमच्या मंडळी एवढंच म्हणल्या, "रातच्याला चालवायला नेणार असंल कुणी." त्यावर घरात कुणी बोललं नाही.

मी एका वहीच्या कागदावर सगळं लिहिलं. अपघात कधी, चासीला काय केलं, टायर का झिजतं, क्लच कधी बदलला, मीटर खरं आहे, कर्जाचा बोजा उतरवलाय. अमेरिकेतल्यासारखा कागद काचेच्या आतून लावला. पोरगा हसत होता.

पहिलं गिऱ्हाईक आलं, शेजारच्या तालुक्यातलं. कागद वाचला, गाडीभोवती फिरलं, आणि म्हणलं, "काका, एवढं तुम्ही स्वतः सांगताय म्हणल्यावर न सांगितलेलं किती असंल?" आणि गेलं.

खोटं नाही सांगत, मला राग आला. रात्री झोप नाही. पण विचार केला तर तो माणूसही कधीतरी फसलेला असणार. मी १९९८ ला त्या एजंटाचा कागद वाचला असता तर विश्वास ठेवला असता का? खरं बोलणं एकट्यानं पुरत नाही. समोरच्याला ते तपासता आलं पाहिजे. जपानचा तो कागद चालतो कारण तो विकणारा लिहीत नाही, तपासणारा लिहितो.

दुसऱ्या खेपेला एक तरणा पोरगा आला, पंचवीस-सव्वीसचा. भाजी घेऊन रात्री पुण्याला जायचं काम सुरू करणार, आई बरोबर होती. त्याला मी म्हणलं, माझ्यावर जाऊ नको, तुझा फिटर घेऊन ये. गाडी वर घेऊन चासी बघू दे, खर्च माझा. तो दुसऱ्या दिवशी फिटरला घेऊन आला. फिटर अर्धा तास खाली पडून होता. बाहेर आला आणि म्हणला, कागदावर आहे तेवढंच आहे. वेल्डिंग चांगलंय, पण लोड जपून भर.

पस्तीस हजार कमी घेतले. मी एकच अट घातली की नाव बदलल्याशिवाय गाडी हलणार नाही. फॉर्म भरले, फी भरली, मोबाइलवर त्याच्या नावाचा मेसेज आला तेव्हा किल्ली दिली. त्याच्या आईनं गाडीला हळदकुंकू लावलं. जाताना पोरानं काचेवरचा कागद काढून फेकला नाही, घडी करून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला. पुढं विकंल तेव्हा तो लावंल का नाही, ते त्याचं तो बघंल.

तुम्ही कुणी जुनी गाडी घेणार असाल तर चार गोष्टी सांगतो :

१) मीटरपेक्षा क्लचचं पेडल, ब्रेकचं रबर, सीट आणि स्टिअरिंग बघा. आकडा कमी आणि पेडल गुळगुळीत झिजलेलं, तर पाणी मुरतंय.

२) गाडी सकाळी थंड असताना चालू करून बघा. आपण यायच्या आधीच गरम करून ठेवली असंल तर का ते विचारा.

३) आरसीवर नाव कुणाचं, बोजा आहे का, इन्शुरन्स आणि पासिंग कधीपर्यंत, हे इसार द्यायच्या आधी बघा. कोऱ्या टीटी फॉर्मवर गाडी घेऊ नका, आणि तशी विकूही नका.

४) तुमचा फिटर न्या. त्यांचा नको, तुमचा. हजार-पाचशे द्यावे लागले तर द्या. आण्णांना बैलाचे दात कळायचे, तसे गाडीचे दात फिटरला कळतात.

घरगुती मोटारीचं तर आणखी जपा. मालवाहू गाडीला निदान पासिंग असतं. खाजगी मोटारीला नवी घेतल्यापासून पंधरा वर्षं फिटनेसचं कुणी विचारत नाही.

उद्या पहाटे शेवटची तोडणी. माल शेजाऱ्याच्या टेम्पोत टाकायचाय. आपली गाडी येईपर्यंत भाडं द्यायचं. पोरगा कालपासून मोबाइलवर जुन्या पिकअप बघतोय. मी त्याला म्हणलं, बघ, पण घ्यायला जाताना फिटरला आणि आईला दोघांनाही घेऊन जाऊ.

रामराम.